साठ वॅटचा बल्ब

"आगु!" सायन्ना मिस्त्री ओरडला.
माझी पिन भोकापासून वीतभर लांब.

दाजी पेठेत, माग विकून रिकाम्या झालेल्या खोलीत
वडिलांचा काचेच्या व्हॉल्व्हांचा अ‍ॅम्प्लिफायर
एकवीस वर्षं चादरीखाली,
चादरीवर सुताच्या पिंजेचा थर.

आधी ब्रश. मग पालथा घालून
मेणकागदी कॅपॅसिटर तेवढे कापले. "हे दगा देणारच."
स्पीकर जोडला. वायरीच्या वाटेत
साठ वॅटचा बल्ब टांगला.
"आत भांडण असेल, तर आधी हा पेटेल."

डावा हात खिशात. माझाही घालायला लावला.
डिमरस्टॅट एकशेवीसवर.
बल्ब भक्कन पिवळा झाला
आणि तापाच्या पोराकडे बघावं
तसे आम्ही बघत राहिलो. उतर. उतर.

उतरला. केसाएवढी लाल तार राहिली.
मी म्हटलं, वाढवा आता.
"उपाशी पोटाला कडक भाकरी देतात का रे?
पेज. अर्धा तास."
अर्ध्या तासात त्यानं दोन विड्या ओढल्या
आणि वडिलांकडे राहिलेल्या चाळीस रुपयांचा
विषय काढला नाही.

एकशेसाठ. काचांच्या बुडाशी शेंदरी ठिणगी,
एक काच काळीच.
स्पीकरातून बारीक घूं.

आई दारात. "बोलला का?"
"नाही. नुसता गुणगुणतोय."
"त्यांचंही तेवढंच होतं," म्हणाली, आणि आत गेली.

पिन काढली. मी हात पुढे केला,
सायन्नानं मनगट धरलं.
"बंद झाल्यावरच जास्त जपायचं.
आत साठलेलं असतं."

भिंतीवर खडूनं लिहिलं: उद्या, दोनशे.