मूळ

खोलच्या किल्ल्यावर, उत्तरेच्या बुरुजाखाली
चिरे मोजायला मला पाठवलं ऑक्टोबरात.
हातात नोंदवही, खिशात पिवळा खडू
आणि सोबत चुनेवाला बोस्त्यांव,
सिमेंटचं पोतं दिसलं
की मेल्या कुत्र्याला वळसा घालावा तसा जाणारा.

त्याचा चुना शिंपल्यांचा.
गावाने वर्षभर खाल्लेल्या तिसऱ्या,
परसांतून गोळा केलेले ढीग,
भाजून, विझवून, गूळपाण्यात मुरवून.
“जेवणाचो कोट हो,” म्हणतो
आणि बोटावरचा चुना जिभेला लावून बघतो.

नोंदवहीत एक रकाना आहे: मूळ.
भटजी सांगतात, वनवासात राम इथे टेकला.
कार्यालयातला कागद सांगतो सोंदेकर, मग फिरंगी,
पुढची ओळ वाळवीने खाल्ली.
काजू राखणारी मोगी वेळीप म्हणाली,
आधी झर होती.
झरीवर वाघ यायचा.
वाघावर नजर ठेवायला माणूस आला,
मग माणसावर नजर ठेवायला माणूस.
तेवढ्यासाठी एवढी भिंत.

दोनशे चौदावा चिरा काढताना
पहारीचा आवाज वेगळा आला.
चिरा नव्हता. काळ्या दगडाचा रगडा,
एका अंगाने फुटलेला, खळगा आत वळवलेला.
हात घातला. तळ गुळगुळीत,
खोबरं वाटून वाटून होतो तसा.

म्हणजे भिंतीआधी इथे चूल.
दगड कमी पडले असतील,
घाई असेल, समुद्रात शिडं दिसली असतील.
कुणी बाई म्हणाली असेल, तो तेवढा नको.
किंवा काहीच म्हणाली नसेल.

साहेब फोनवर म्हणाले, पाठवून द्या,
काचेत ठेवू, खाली पाटी लावू.
बोस्त्यांव ऐकत होता.
“दांत काडून काचेंत दवरलो,
मागीर तोंड कितेंन चाबतलें?”

वर बुरुजावर कुणाची तरी गाय
समुद्राकडे पाठ करून रवंथ करत होती.

उन्हं कलल्यावर आम्ही तो परत बसवला.
त्याआधी बोस्त्यांवने खळगा भरून घेतला
ओल्या चुन्याने: तिसऱ्या, गूळ, पाणी.
किती काळाने रगड्यात काही पडलं.
थापीने दाबताना तो जरा वाकला,
वास घेतला.

साहेबांना कळवलं, काढताना फुटला असता.
खडूचा आकडा पुसून टाकला.
मूळच्या रकान्यात अजून काही लिहिलेलं नाही.