तळटीप अडतीस

गावाचं नाव अहवालात नाही,
म्हणून मीही घेत नाही.
मोल्दोवाच्या दक्षिणेला, एवढंच छापलंय.

निरीक्षक नेहमी दोघे असतात,
एक या बाकावरचा, एक त्या बाकावरचा,
म्हणजे एकाच्या चष्म्यावरची धूळ दुसऱ्याला दिसावी.
हालगेर्दुर आइसलँडची, बुटांना ऑक्टोबरचा चिखल.
साविओ माल्टाचे, त्यांना कुत्र्यांची भीती.
मधे मी, दुभाषी.
माझं काम काच होण्याचं:
पलीकडचं दिसावं, मी दिसू नये.

पारास्कीवा म्हातारीनं निळं फाटक उघडलं,
बदकं हाकलली,
मक्याच्या घट्ट सांज्यावर मेंढीचं चीज किसलं
आणि आलुबुखारची दारू ओतली इवल्या पेल्यांत.
पाहुण्यांनी पेल्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे.
नियम असा की भेटवस्तू स्वीकारू नये.
"ही भेट नाही," ती म्हणाली, "हा थंडीवरचा उपाय आहे."
मी भाषांतर केलं.
दोघांनी उपाय केला.

मग प्रश्नावली.
मतदानाआधी घरी कोणी आलं होतं का?
"आलं होतं की. मेयरचा भाचा, ट्रॅक्टर घेऊन.
चुलीमागे एक पोतं पीठ.
पोत्यावर फूल, तेच फूल मतपत्रिकेवर.
अक्षरं मला आता दिसत नाहीत,
फूल दिसतं."
हालगेर्दुर लिहीत होती. मी डोकावले.
फूल नव्हतं, पीठ नव्हतं, ट्रॅक्टर तर नव्हताच.
'प्रशासकीय साधनांच्या गैरवापराचे आरोप.'

"तुम्ही ते घेतलंत?" साविओंनी हळू विचारलं.
म्हातारीनं एप्रनला हात पुसले.
"पीठ अंगणात दिलं, अंगणात घेतलं.
मत पडद्याआड होतं.
पडद्याआडचं मी पाद्रीबाबालासुद्धा सांगत नाही."

आणि मग, पेले पुन्हा भरता भरता,
"एक विचारू?
तुमच्या घरी कोण येतं
असं वाकून बघायला?"

हालगेर्दुर म्हणाली, "येतात. यादीनं, पाळीपाळीनं, सगळ्यांकडे."
तिचं उत्तर पाठ केलेलं होतं, पण खरं होतं.
साविओ कागद चाळत राहिले.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"आमच्या बेटावर आले होते तेव्हा
मी चुलतभावाला म्हटलं होतं, कुत्रं सोड."
हे मी शब्दाला शब्द लावून सांगितलं.
म्हातारी इतकी हसली
की बदकं परत आली.

पुढे वसंतात मोठ्या सभागृहात ठराव आला.
प्रत्येकाला तीन मिनिटं, मग माईक आपोआप बंद.
'सभा गंभीर चिंता व्यक्त करते',
यातल्या 'गंभीर'वर दुरुस्ती आली, क्रमांक सहा,
आणि तो शब्द साठ विरुद्ध एकोणपन्नास असा पडला.
साविओंनी त्याच्या बाजूनं हात वर केला होता,
हेही नमूद असावं कुठेतरी.
चिंता राहिली.
तिच्याखाली, बारीक टायपात, तळटीप अडतीस:
'एका ज्येष्ठ महिलेच्या सांगण्यानुसार;
स्वतंत्र खातरजमा होऊ शकली नाही.'

इस्टरला मी ते पान घेऊन गेले.
पारास्कीवानं विचारलं, "मी किती आहे यात?"
मी मोजले. "नऊ शब्द."
"पोतं पंचवीस किलोचं होतं," ती म्हणाली.

आता राहिलेलं.
तिच्या घरापासून तिसरं, लोखंडी फाटकाचं घर
माझ्या आईचं.
त्या दिवशी ड्रायव्हरला मीच म्हटलं, सरळ घे.
हितसंबंधांच्या फॉर्मवर 'काही नाही' लिहून
माझी सही आहे, निळ्या शाईत.
पारास्कीवानं मला फाटकातच ओळखलं होतं.
आजवर बोललेली नाही.

आईच्या चुलीमागे
फुलाचं पोतं रिकामं, नीट घडी घातलेलं.
तिनं सणाचा पाव केला होता, वर वेणी घालून.
मी दोन तुकडे खाल्ले.
तिसरा मागून घेतला.