घसा

कुर्ल्यात, सीएसटी रोडच्या आतल्या गल्लीत
लतीफ मुकादमनं गोणपाटावर तीन नळ्या मांडल्या,
पंचनाम्यातल्या वस्तूंसारख्या.
"ही अडीच इंची. ही तीन.
आणि ही कुणाच्या तरी रेसच्या गाडीची, आतून पोकळ.
हिच्याकडे बघू नका."

मी तिलाच आधी उचललं.

गाडी एकोणनव्वदची, माझ्याहून चार वर्षांनी धाकटी.
तिच्या पोटात पिस्टन नाहीत, व्हॉल्व्ह नाहीत.
फुगीर कडांचे दोन त्रिकोण एकामागे एक गरगरत राहतात,
आणि धूर बाहेर सोडायची वेळ आली
की दार हळूच किलकिलं करणं त्यांना ठाऊक नाही.
धाडकन.
म्हणून ही जात तापट, लतीफ म्हणाला,
साधा पत्रा लावाल तर दोन वर्षांत चाळण,
त्यात तुम्ही वर्सोव्याच्या,
खारा वारा लोखंड विड्यासारखं चघळतो.
"तीनशे चार स्टील घ्या. महाग आहे, पण चुंबक चिकटत नाही."
चुंबक त्याच्या खिशातच होता,
किल्ल्यांच्या जुडग्याला घट्ट धरून.

मी मनात हिशेब केला.
तीन इंची म्हणजे वरच्या फेऱ्यांत मोकळा श्वास,
आणि पहाटे इमर्जन्सीला निघताना
बिल्डिंगच्या सव्वीस खिडक्यांत दिवे.
मी भूल देणारी डॉक्टर. झोपवायचे पैसे घेते,
त्याच माणसांना असं उठवायचं
अडीच इंची म्हणजे सिग्नलवरचा हवालदार
मान वर करणार नाही.
खरं सांगू? त्यानं ती करावी असं मला वाटत होतं.

"आधी जुना कापू," लतीफ म्हणाला,
"हिचा मूळचा आवाज कळल्याशिवाय नवा कसा निवडणार?"

ग्राइंडर लागला. ठिणग्या त्याच्या चपलांवर.
सायलेन्सर फणसासारखा उघडला
आणि आत, गऱ्यांच्या जागी,
तारेच्या घासण्या.
भांड्यांच्या. नाक्यावर दहाला एक मिळतात त्या.
मागून झाडूच्या दांड्यानं ठासलेल्या,
तापून निळ्या, जांभळ्या, काही मोरपंखी.
बशीर हसत हसत जमिनीवरच बसला.
लतीफनं मोजल्या. अकरा.

ऑर्लेमला फोन लावला, कॅप्टन नोरोन्हांना.
विकताना ते म्हणाले होते, हिचा घसा बसलाय हल्ली,
वय झालं, आपलंही होतं.
"घासण्या? मी कशाला घालीन!"
मग फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज.
लांब कुकरच्या दोन शिट्ट्या,
कोंकणीत काहीतरी, बराच वेळ.
परतले तेव्हा कॅप्टनचा आवाज
अडीच इंचांवर आला होता.

"लूर्डस म्हणते, अकरा नव्हेत. चौदा होत्या."

बारा वर्षं तो माणूस प्लग बदलत होता,
फिल्टर फुंकत होता,
रात्री वरळीच्या रस्त्यानं काच खाली करून
कान लावत होता, कुठे अडतोय हिचा श्वास.
आणि ओट्यावरून, वर्षाला एखादी,
नवी कोरी घासणी उचलून
ती बाई अंगणात उतरत होती.
रागानं की मायेनं, विचारलं नाही मी.
डोकं दुखत असेल. तान्हं असेल कुणी.
नुसता रविवारही असेल.

उरलेल्या तीन? लतीफ नळीत टॉर्च मारून बघत राहिला.
हायवेवर सुटल्या असतील, मी म्हटलं,
चौथ्या गिअरात, लालबुंद.

अडीच इंचीच घेतली. तीनशे चार. मध्ये लांब रेझोनेटर.
"मागचं झाकण वेल्ड करू नका, बोल्टचं ठेवा."
"का?"
"घरातल्या कुणाला उघडता यायला हवं."
त्यानं चष्मा कपाळावर चढवला.
"घरी कोण असतं?"
"सध्या कुणी नाही."
"मग चार बोल्ट पुरेत."