पाव व्होल्ट

चुलवाणाच्या भिंतीला एका अंगानं,
पाटाच्या पाण्याच्या डब्याला दुसऱ्या अंगानं
चिकटवली बिघडल्या कूलरमधली पांढरी चौकोनी वडी.
चिपाडं दुपारपासून धडधडत होती.
अब्बांच्या मीटरचा काटा जरासा हलला.
पाव व्होल्ट.
जळव्या हसला :
"एवढ्यानं मुंगीच्या घरात तरी दिवा लागंल का?"

दिवा मला नकोच होता.
दिव्याचं सर्किट होतं माझ्याकडे,
मेलेल्या सेलमधला शेवटचा थेंब पिळणारं.
मला भरायचा होता सेल
दौलूतात्यांच्या खिशातल्या, कानाच्या मशीनचा.

चाळीस हंगाम वाफेत उभा राहिलेला गुळव्या.
पाक ते बघत नाहीत, ऐकतात.
आधी नुसती फसफस, मग बुडबुडा जड होतो,
मग फुट्… फुट्…
दोन फुटींमध्ये एक श्वास मावला
की काहील उतरवायची.
यंदा दोन करपल्या.
मशीन मध्यरात्री मुकं होतं
आणि शेतातली लाइट तर तिच्या मनाची.

दिवा काढला. त्या जागी डायोड,
आलेलं पुढे सोडणारा, मागे फिरू न देणारा.
नाहीतर विस्तव निवल्यावर
सेल आपलं सगळं भिंतीला परत देऊन बसेल.
त्याचीही हमाली असतेच, पावातूनच.
जळक्या बल्बमधलं काळं कडं,
वीस वेढे, शेजारी वीस वेढे.
टोकं उलटी लागली, त्यात एक रात्र गेली.
आणि सिलिकॉन तर
अर्ध्याच्या वर मानपान झाल्याशिवाय उठेना.

पावात उठतो तो जर्मेनियमचा.
आता कुठे मिळतो म्हणा.

मला ठाऊक होतं कुठे.
दुकानात, वरच्या फळीवर, खाकी कापडातला रेडिओ,
सुतळीला चिठ्ठी :
इंदुताई लाड, ऐतवडे. जून ७९. आवाज खरखरतो.
खाली अब्बांचं अक्षर : दुरुस्त. देणे आहे.
कुणी आलं नाही.
दुकानाचं भाडं थकलं त्या वर्षीही
अब्बांनी तो विकला नाही.

पाठ उघडली. आत धूळ नव्हती.
डाग सुटताना राळेचा जुना वास आला,
आणि तीन पायांचा तो चिमुकला डबा
चिमट्यात आला, अजून चकचकीत.

आता एक सेल खिशात, एक भिंतीशी.
भरायला दोन दिवस घेतो. घेऊ दे,
हंगाम फाल्गुनापर्यंत आहे.

काल रात्री दोनला तात्यांनी हात वर केला.
सगळे थांबले. मीही, डबा धरून.
ते जळव्याकडे वळले :
"चिपाडं हळू मोड रं. काहील बोलतीया."

दुकानात आल्यावर चिठ्ठी उलटी केली
आणि मागे लिहिलं :
एक ट्रान्झिस्टर उसना नेला आहे.
चौकशी गुऱ्हाळावर करावी.