सेकंदाला पाच चित्रं कमी

पहिली तबकडी तिया येर्काच्या प्लेअरनं
तोंडात घेतली, जरा चघळली आणि थुंकून दिली.
पडद्यावर निळं. निळ्यावर पांढऱ्यात: वाचता येत नाही.
तिया म्हणाली, मलाही हल्ली येत नाही.
बस, दानिलो. चहा घे.

पुंता अरेनासला जूनमध्ये साडेचारलाच अंधार पडतो,
वारा छपरांचे पत्रे एकेक करून मोजत बसतो,
आणि बंदरावरच्या क्रेनवरून उतरलेल्या माणसाला वाटतं,
एक फाइलच तर आहे, होईल रात्रीत.

फाइल आली ब्राच बेटावरून, टपालानं, सीडीत.
तिकडच्या भाचीच्या मुलीनं खिशातल्या कॅमेऱ्यावर घेतलेली:
एकोणीस मिनिटं ल्युबा,
येर्काची धाकटी, वय एक्याऐंशी,
फळीवर अंजिरं सुकत घालते आणि बोलते.
माझ्या संगणकावर घडाघडा बोलते.
डीव्हीडीवर घालायला गेलं की अडून बसते.

मग शोध, घोडं नेमकं कुठे पेंड खातंय त्याचा.
आधी कोडेक. कोडेक म्हणजे गाठोड्याची गाठ,
ज्यानं मारली त्याच्याच बोटांना सुटणारी.
मग आवाज. अकरा हजारांचा, विहिरीतून आल्यासारखा,
आणि तबकडीला हवा अठ्ठेचाळीस हजारांचा.
उरलेला आणू कुठून?
प्रोग्राम म्हणाला, भरतो मी. कशानं, ते नाही सांगितलं.

खरी मेख पुढेच होती.
तिकडे सेकंदाला पंचवीस चित्रं,
आमच्या चिलेत तीस. तीसही धड नाहीत,
एकोणतीस पूर्णांक सत्त्याण्णव शतांश,
वाण्यानं सुटे नाहीत म्हणून ठेवून घेतल्यासारखे.
ल्युबा इथं यायची म्हणजे
दर सेकंदाला पाच चित्रं कमी पडतात.
ती बनवावी लागतात:
दोन खऱ्या चित्रांच्या फटीत एक पुसट,
हात फळीवरही, हात हवेतही,
अंजीर उचललेलं, न उचललेलं.
एकोणीस मिनिटांत साडेपाच हजारांवर भरली
कधीच न घडलेली ल्युबा,
आणि संगणकाचा पंखा पहाटेपर्यंत घोंघावत होता.

दुसरी तबकडी नुसतीच फिरली.
तिसरीत सगळे उंच आणि बारीक, उपास केल्यासारखे.
दोन्ही तियानं मागल्या वाफ्यात दोऱ्याला टांगल्या,
रुबार्बवर पाखरं येतात म्हणून.

चौथी चालली!
मी टाळी वाजवली, आणि पाचव्या मिनिटाला थिजलो.
आवाज मागे पडत होता.
आधी निमिषभर, मग चांगलाच,
शेवटी तर ल्युबा तोंड मिटून अंजीर दाबायची
आणि मग तिचं वाक्य यायचं
रिकाम्या चेहऱ्यावर.
थांब तिया, म्हटलं, बिघडलंय.

काय बिघडलंय?
मला ती बेचाळीस वर्षं अशीच ऐकू येते.
टेलिफोन कचेरीत लाकडी खोका असायचा, पाळीनं आत जायचं.
मी विचारायची, झोप लागते का गं?
मग नुसता समुद्र.
पैसे त्या समुद्राचेच पडायचे.
मग ती म्हणायची, लागते.
चालू दे ते.

मला राहवेना. दोष शोधला:
कॅमेऱ्यानं आवाज जरा हात राखून मोजला होता, इतकंच.
पाचवी तबकडी निर्दोष. ओठ आणि शब्द
एका चपलेचे दोन अंगठे असावेत तसे सोबत.
तियानं तीन मिनिटं पाहिली, मान तिरकी करून.
हिला एवढी कसली घाई, म्हणाली.
बातम्या देणाऱ्या बाईसारखी बोलतेय.
ती आधीची लाव.

आधीच्या तबकडीवर तिनं बॉलपेननं बहिणीचं नाव लिहिलंय,
दाबून, नेमकं चकाकत्या बाजूवर.
आता ती अकराव्या मिनिटाला अडते.
ल्युबाचा हात हवेत,
त्यातला खरा की मी बनवलेला, मलाही ओळखू येत नाही.
तिया उठते, प्लेअरच्या पाठीवर थाप मारते,
आणि परत बसून वाट बघते.