स्टुडिओतला कोट

कोट एकच होता आमच्याकडे.
काळा, मखमली कॉलरचा,
हेलेनाच्या लिलावात अँसेल्मने तीन डॉलरला घेतलेला
आणि पाठीतून उभा फाडलेला,
म्हणजे कुणाच्याही अंगात जावा.
मी मागून नाड्या आवळायचे.
कॅमेऱ्याला पाठ दिसत नाही.

शनिवारी खाणीतून माणसं यायची,
तोंडं धुतलेली, कानामागे डोंगर तसाच.
पडद्यावर तळं होतं, संगमरवरी कठडा, दोन हंस.
रंगवणाऱ्याने हंस कधी पाहिले नसावेत,
माना बदकाच्याच वाटायच्या.
टेबलावर पिस्तूल. त्याला घोडा नव्हता.
घोडा तसा रांगेतल्या कुणाकडेच नव्हता.

मानेमागे लोखंडी चिमटा लावला
की दांडगे गडी कोकरासारखे गप्प.
सहा मोजेपर्यंत हलू नका, अँसेल्म सांगायचा.
चारला खोकणारा एखादा असायचाच;
त्याचं तोंड काचेवर धुकं होऊन उतरायचं.
पैसे आम्ही त्याचेही घ्यायचो.

गावात चांदी निघायची.
चांदी झाली ती कंपनीची.
आमच्या वाट्याला बाटलीतलं तिचं पाणी
आणि त्याने काळी पडलेली माझी दहा बोटं.
चर्चमध्येही मी हातमोजे काढत नसे.

जोरी ट्रेमबाथ एकोणीस वर्षांचा, कॉर्नवॉलचा.
बाह्या बोटांवर येत होत्या,
मी आत दुमडून टाचण्या लावल्या.
त्याने विचारलं,
बाई, आईला वाटेल ना, हा माझाच आहे?
मी म्हटलं, हलू नकोस.

तो हलला नाही.
सहा झाले, भिंगावर झाकण बसलं,
अँसेल्म काच घेऊन अंधाऱ्या खोलीत गेलासुद्धा,
हा आपला तळ्याकाठी उभाच.

मार्चमध्ये खालचा बोगदा बसला.

ऑगस्टमध्ये पत्र आलं,
फोटोमागे छापलेल्या आमच्या पत्त्यावर.
अक्षर पाद्रीबाबांचं, खाली तिची फुली.
फोटो पोचला. शेजारणींना दाखवला.
त्याचं बाकी काही नको आता,
तेवढा कोट पाठवा.

अँसेल्म म्हणाला, आणि आपण खायचं काय?
मी बोलले नाही.
दोन रात्री दिव्याशी बसून पाठ शिवली,
बारीक टाक्यांनी, आईला कळू नये अशी.
तिसऱ्या सकाळी एक स्वीडिश सुतार आला,
रुंद छातीचा, रोख पैसे देणारा.
शिवण मीच उसवली.

पत्राचं काय करावं कळेना.
शेगडीत टाकवेना.
कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं, डाव्या बाजूला.

त्यानंतरचे आमचे फोटो कुणाकडे असतील तर पाहा:
छातीशी कोट जरासा फुगलेला दिसेल.
माणसं तिथे हात लावून बघायची,
विचारायची नाहीत.
दूर कुठेतरी त्यांच्या आया
बोट ठेवून शेजारणींना सांगत असतील,
बघा, पाकीट कसं भरलंय.