बत्तीस

दुकान बापाचं होतं. आता माझं.
एर्झुरुमच्या ताशहानात, जिन्याखालची तिसरी खोली.
कातकामाला बाई बसलेली पाहून
गिऱ्हाईक आधी विचारतं, उस्ता कुठे आहेत?
मी म्हणते, बसा. साखर दातात धरा, चहा येतोय.

दगड काळा, ओल्तूचा.
खाणीतून निघतो तेव्हा साबणासारखा मऊ,
वारा लागला की हळूहळू घट्ट होत जातो.
बाप म्हणायचा, ओला आहे तोवर घडव, नंतर चिडतो.
हे तो मला उद्देशून म्हणत नसे,
तरी मी पाठ ताठ करायची.

मुनेव्वर हानिम आली ती फेब्रुवारीत,
उंबऱ्यावर बुटांचा बर्फ झटकत.
हातरुमालाच्या गाठीत तसबी.
मी सवयीनं मोजली.
अकरा, मग चपटा मणी. अकरा, पुन्हा चपटा. दहा.
शेवटी लांबट इमामे, दोऱ्याची दोन्ही टोकं गिळून उभा.
पुन्हा मोजली. दहाच.
"एक हरवलाय," मी म्हटलं.
"हरवायला आधी असावा लागतो," ती म्हणाली.

तिचा नवरा जेलाल
दुतलूच्या डोंगरात पोटावर सरपटत दगड काढायचा,
माणूस मावेल एवढंच भोक,
वळायचं तर उलटं सरकत बाहेर यायचं.
रात्री चुलीपाशी तिच्यासाठी एकेक मणी घासायचा.
बत्तीस झाले.
तेहतिसाव्याचा दगड आणायला गेला.
पुढचं तिनं सांगितलं नाही. चहा प्यायली,
पेला बशीत आडवा ठेवला.

"चौतीस वर्षं हीच ओढतेय.
सुभानल्लाह, अल्हम्दुलिल्लाह, अल्लाहू अकबर,
बत्तीसदा अंगठ्याखाली गार, गोल काहीतरी येतं
आणि मग नुसता दोरा.
इमाम विचारतात, मन लागतं का?
मण्यांवर कुठलं लागतंय!
डाळ भिजवायची राहिली, गुडघा ठणकतो,
सुनेनं कालचं भांडं आपटलं ते अजून वाजतंय.
मणी गेला की पुढच्या मण्यावर पुन्हा तेच.
त्या दोऱ्यावर मात्र कुणी येत नाही.
तिथे नाव घेते
आणि बोटाला धरायला काही नसतं.
एका नमाजीला तीनदा.
तिथेच झिजलाय बघ. तेवढा बदल."

मी रेशमी दोरा घेतला, सहा पदरी.
बत्तीस मणी क्रमानं ओवले,
दहाव्यानंतर एक गाठ,
मग मण्याएवढी मोकळी जागा, मग दुसरी गाठ.
रिकामी जागा घट्ट बसवायला
मण्यापेक्षा जास्त वेळ लागतो,
हे मला त्या दिवशी कळलं.

आणि एक कबूल करते.
ती दुपारच्या नमाजीला गेली तेव्हा
मी कातावर एक मणी काढून ठेवला होता,
तोच व्यास, तोच काळेपणा,
तेलाचा हात फिरवून चमकवलेला.
तिच्यासमोर ठेवला. काही बोलले नाही.

तिनं तो शालीवर खसाखसा घासला,
माझ्या पावतीच्या वहीपाशी नेला.
कागदाचा एक कपटा उडी मारून त्याला चिकटला.
लहान मुलीसारखी हसली.
"अस्सल आहे," म्हणाली,
आणि कपट्यासकट माझ्या तळहातावर ठेवला.
"याला दुसरं घर बघ."

पैसे मोजून दिले, एक लिराही कमी नाही.
जाताना दारातच बोटं चालू झाली,
मी काचेतून पाहत राहिले
ती कुठे अडखळते ते.
बर्फात नीट दिसलं नाही.

मी काही पाच वेळांची नाही, खोटं का बोलू.
तो मणी कामाच्या कोटाच्या खिशात पडून असतो,
लोकरीचा धूळकेर ओढत.
एकट्या मण्यावर काय मोजणार?
एक. एक. एक.
काल वीज गेली, कात थांबला,
अंगठा आपसूक खिशात गेला.
उजेड आला तेव्हा पेला गार झाला होता,
आणि दातात धरलेली साखर
कधी संपली, माहीत नाही.